धूर कधी येतो, ते आधी पाहावे

गोव्यात पुढचे मडगार्ड पिवळे असलेली मोटारसायकल पायलटची, म्हणजे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या दुचाकीवाल्याची, हे लहान पोरही सांगेल. डिचोलीच्या बाजारालगत उभी असलेली ही गाडी त्यांतलीच. फोर-स्ट्रोक, बऱ्यापैकी वय झालेली. मालकाची तक्रार दुहेरी आहे: सुरू करताच टकटक ऐकू येते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. अशा वेळी ‘इंजिनाचे काम निघाले’ असे पटकन सांगितले जाते, पण पाना हाती घेण्याआधी नुसत्या पाहण्या-ऐकण्यातून बरेच काही कळते.

गार इंजिनवर ठळक असणारी आणि गाडी तापल्यावर मंदावणारी ही टकटक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, समजली जाते. पुष्कळदा मात्र धूर बाहेर नेणारा बेंड पाइप जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बसतो तिथल्या पॅकिंगमधून वायू निसटत असतो, आणि धातू तापून फुगला की ती फट आपोआप मिटते. विजेरीच्या उजेडात पाहिले, तर सांध्याच्या कडेने काजळीचा काळा फराटा उमटलेला दिसतो. मेस्त्री गार इंजिन सुरू करून सांध्यावर साबणाचे पाणी सोडतो आणि जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबतो. बुडबुडे आले, म्हणजे फट सापडली. नवे पॅकिंग घालून दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. चेपलेले जुने पॅकिंगच पुन्हा बसवण्याची काटकसर फार दिवस टिकत नाही.

धुराला वेळ द्यावा लागतो. पावसाळी सकाळी दिसणारा, लगेच विरणारा पांढरा धूर ही केवळ वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास तेवढेच पाणी तयार होते, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेच्या जोडीने तेच सायलेन्सर पोखरते. निळा धूर ऑइलचा. आर. एक्स. १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच जळत असल्याने थोडा निळा धूर हा दोष नव्हे. फोर-स्ट्रोक गाडी चढावर, ओझ्याखाली सतत धूर सोडत असेल, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो. पण रात्रभर उभी राहून सकाळी एकच भपकारा सोडत असेल, किंवा चोर्ला घाट एक्सलेटर बंद ठेवून उतरल्यावर तो पुन्हा पिळताच धूर काढत असेल, तर हेडमधले ऑइल अडवणारे व्हॉल्व्ह सील कडक झालेले असण्याची शक्यता अधिक.

आता प्लग काढून मेस्त्री कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजतो, मग त्याच भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजून काटा दुसऱ्यांदा बराच वर चढला असता, तर रिंगा झिजल्याचे ठरले असते. इथे तो दोन्ही वेळा चांगला चढला आणि जवळपास एकाच जागी थांबला. हेड उतरवावे लागलेच, पण सिलिंडरच्या बोअरला हात लावावा लागला नाही. बोटाच्या पेरावर मावणारे, दगडासारखे टणक झालेले दोन रबरी सील बाहेर आले.