संकेतस्थळाचा पत्ता आणि न उमटणारा मराठी फॉन्ट

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या आणि संकेतस्थळे बनवण्याचे व सांभाळण्याचे काम करणाऱ्या आपणा सर्वांपुढे मला आज एकच दुखणे मांडायचे आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी बागायतदारांना रोजचे भाव कळवणारे एखादे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लिहून उघडले, तर निवडलेला मराठी फॉन्ट नीट दिसतो. तेच अक्षरत्रय गाळून उघडले, तर चित्रे येतात, रंग आणि रकाने जागच्या जागी असतात, पण अक्षर मात्र वेगळेच असते. अशा वेळी फॉन्टची फाईल बिघडली असे समजून ती पुन्हा पुन्हा अपलोड केली जाते आणि त्यात दिवस जातो.

फाईल बहुधा धडधाकट असते. ब्राउझर ज्याला ओरिजिन म्हणतो ते प्रोटोकॉल (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्टचे म्हणजे सर्व्हरचे नाव आणि पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांक या तिन्ही गोष्टी मिळून ठरते; यांतली एक जरी बदलली तरी ब्राउझरच्या लेखी ते दुसरे संकेतस्थळ होते. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, असे एकाच नावाचे चार ओरिजिन तयार होतात. साधी चित्रे आणि स्टाइलशीट (पानाची मांडणी ठरवणारी फाईल) दुसऱ्या ओरिजिनवरून विनातक्रार येतात, पण फॉन्टसाठी सर्व्हरची स्पष्ट परवानगी लागते. फायरफॉक्सने २००९ साली ३.५ या आवृत्तीत वेब फॉन्ट आणले तेव्हापासूनच हे बंधन ठेवले आणि आज सर्व प्रमुख ब्राउझर ते पाळतात. याशिवाय, पान एचटीटीपीएसवर आणि फॉन्टचा दुवा एचटीटीपीवर असेल, तर असुरक्षित मजकूर म्हणून तो अडवला जातो, हा भाग वेगळा.

मराठीला याचा फटका अधिक बसतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, असेल तर तो निदान वाचता येतो, कारण विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो असा पर्यायी फॉन्ट पुढे येतो. पण त्यात ल आणि श हिंदी वळणाचे उमटू शकतात आणि ओळींमधले अंतर बदलल्याने वेलांट्या कापल्या जातात. डीटीपीच्या काळातल्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर ठेवला असेल, तर फॉन्ट अडताच पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि शेतकऱ्याला भाव कळतच नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा, असा माझा आग्रह आहे.

निदान करताना ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडावे आणि कन्सोल व नेटवर्क हे दोन्ही विभाग पाहावेत. कन्सोलमध्ये कॉर्स (दुसऱ्या ओरिजिनला परवानगी देण्याची पद्धत) हा शब्द दिसला तर प्रश्न परवानगीचा आहे, ४०४ दिसला तर फाईलचा मार्ग चुकला आहे. फॉन्ट डीकोड करता आला नाही असा इशारा असेल, तर फॉन्टच्या नावाखाली सर्व्हरने एखादे एचटीएमएल पान धाडले आहे का, तेही तपासावे. ही तपासणी तो फॉन्ट इन्स्टॉल नसलेल्या यंत्रावर करावी, नाहीतर स्वतःच्या संगणकावरचाच फॉन्ट दिसून फसगत होते.

येथे एक बारकावा आवर्जून सांगतो. स्टाइलशीटमध्ये फॉन्टचा मार्ग सापेक्ष लिहिला म्हणून निर्धास्त राहू नका, कारण तो मार्ग पानाच्या नव्हे, तर स्टाइलशीटच्या पत्त्यावरून मोजला जातो. संकेतस्थळ चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह पूर्ण पत्ता साठवलेला असेल, तर थीम बहुधा तोच पत्ता स्टाइलशीटला लावते. मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना उघडलेल्या पानालाही फॉन्ट दुसऱ्याच ओरिजिनवर मागावा लागतो.

म्हणून पहिला उपाय असा की चारांपैकी एक एचटीटीपीएस पत्ता कायम करावा आणि बाकी तिन्ही पत्त्यांवरची पाने ३०१ या कायमच्या रीडायरेक्टने तिकडे वळवावीत. फॉन्ट वेगळ्या सबडोमेनवर किंवा सीडीएनवर (फाईलच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) ठेवणे भागच असेल, तरच अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हे हेडर, म्हणजे उत्तरासोबत जाणारी परवानगीची सूचना, द्यावे. त्यात एकच ओरिजिन किंवा तारांकन चालते. स्वल्पविराम देऊन दोन पत्ते लिहिले की ब्राउझर ते हेडर नाकारतो. फॉन्ट परवान्याने विकत घेतलेला असेल, तर तारांकन देण्याआधी परवाना वाचावा. अपाचे या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर हेडर मॉड्यूल बंद असेल आणि आपली ओळ त्या मॉड्यूलच्या अटीत लिहिलेली असेल, तर ती गुपचूप वगळली जाते, कसलीही त्रुटी दिसत नाही.

सर्व्हर विचारणाऱ्याचे ओरिजिन पाहून परवानगी देत असेल, तर व्हेरी हेडरमध्ये ओरिजिन लिहिणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास सीडीएन एका पत्त्यासाठीचे उत्तर साठवून दुसऱ्यालाही तेच देते, आणि फॉन्ट कधी दिसतो, कधी दिसत नाही. फॉन्ट आधीच मागवून ठेवणाऱ्या प्रीलोडच्या टॅगला क्रॉसओरिजिन हे अ‍ॅट्रिब्यूट फॉन्ट त्याच ओरिजिनवर असला तरी लावावेच लागते, अन्यथा तीच फाईल दोनदा उतरते आणि मोबाइलचा डेटा वाया जातो. बदल केल्यावर सीडीएनचा आणि ब्राउझरचा कॅशे (साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामा करून चारही पत्ते एकेक करून उघडावेत, आणि प्रत्येक वेळी नेटवर्क विभागात फॉन्टची फाईल कोणत्या पत्त्यावरून आली ते वाचून घ्यावे.