रोज गिरवली जाणारी रेघ

नमस्कार. "ते जीन्समध्येच आहे, आता त्याला काय करणार" हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललोय. त्यामागे आपल्या डोक्यात एक चित्र असतं, की डीएनए म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एकदा ओढली की संपलं. मला आज एवढंच सांगायचंय की ती रेघ दगडावर नाहीये. ओल्या वाळूवर आहे, आणि आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी ती दिवसभर पुन्हा पुन्हा गिरवत बसलेली असते. गिरवणं थांबलं की रेघ पुसायला लागते.

आधी थोडा हिशोब करू. माणसाच्या एका पेशीत डीएनएची साधारण 600 कोटी अक्षरं असतात, निम्मी आईकडून निम्मी वडिलांकडून. अक्षरं चारच, ए, टी, जी, सी. ए समोर टी आणि जी समोर सी. पेशीची विभागणी व्हायची तर ही सगळी 600 कोटी अक्षरं आधी कॉपी करावी लागतात. हे काम करणारं एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रोटीन) म्हणजे डीएनए पॉलिमरेज, ते नुसतं जोडी जुळवत गेलं तर साधारण लाखात एखादी चूक होते. लाखात एक म्हणजे फारच चांगलं वाटतं ना, पण 600 कोटींना लावून बघा, एका कॉपीत 60 हजार चुका! असं चाललं असतं तर आपण इथे बसलोच नसतो. म्हणून हे एन्झाइम लिहिता लिहिता तपासतं पण. चुकीचं अक्षर बसलं की टोक नीट जुळत नाही, एन्झाइम तिथे अडखळतं, मागे येतं, ते अक्षर कापून टाकतं आणि परत लिहितं. त्याने चुका कोटीत एकावर येतात, म्हणजे तरी 600 उरल्याच. त्या पकडायला मागून आणखी एक टीम येते, तिच्याकडे मी नंतर येतो.

हे सगळं कळलं कसं त्यातला एक किस्सा मला फार जवळचा आहे. 1956 मध्ये आर्थर कॉर्नबर्ग यांनी ई. कोलाय बॅक्टेरियातून पहिलं पॉलिमरेज शोधलं, 1959 मध्ये नोबेल मिळालं, आणि डीएनए कॉपी करणारं एन्झाइम ते हेच असं सगळ्यांनी धरून टाकलं. पण एक गोष्ट खटकत होती, टेस्ट ट्यूबमध्ये ते फारच सावकाश चालायचं. बॅक्टेरिया सेकंदाला हजारेक अक्षरं कॉपी करतो आणि हे एन्झाइम सेकंदाला जेमतेम काही दहा. जॉन केर्न्स या शास्त्रज्ञांना शंका आली, की कॉपी करणारं एन्झाइम हे नाहीच. शंका तपासायचा मार्ग एकच, हे एन्झाइम नसलेला बॅक्टेरिया शोधायचा आणि तो जगतो का बघायचं. आता असा बॅक्टेरिया ओळखणार कसा, वरून तर काही वेगळा दिसणार नाही. मग एकेक कॉलनी उचलायची, वाढवायची, फोडायची, आतल्या रसात एन्झाइम आहे का मोजायचं, पुढची कॉलनी घ्यायची. हे काम केलं पॉला डी लुसिया यांनी, आणि हजारो कॉलन्या तपासल्यावर एक सापडली जिच्यात एन्झाइमची ॲक्टिव्हिटी जवळपास शून्य होती आणि बॅक्टेरिया मात्र मजेत वाढत होता. 1969 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या जीनला नाव दिलं पोल-ए, पॉला यांच्या नावावरून. हजारो वेळा "यात आहे" असं उत्तर येऊनही पुढची प्लेट उचलायची चिकाटी, ती या शोधात आहे आणि तिची आठवण त्या नावात राहिली याचा मला खरंच आनंद वाटतो.

पण खरी मेख पुढे आहे. तो बॅक्टेरिया जगत होता, मात्र अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की पटापट मरायचा. म्हणजे कॉर्नबर्ग यांचं एन्झाइम मुख्य कॉपीवालं नव्हतंच, त्याचं मोठं काम दुरुस्तीचं होतं. मग कॉपी कोण करतं? ते पोल थ्री नावाचं दुसरं पॉलिमरेज, आणि ते शोधणाऱ्यांत होते थॉमस कॉर्नबर्ग, म्हणजे आर्थर यांचाच मुलगा, जो तोवर चेलो शिकत होता. वडिलांच्या शोधावर टीका होत होती आणि कोडं सोडवलं मुलाने.

आता वाळूवाला मुद्दा. कॉपी नसताना, पेशी नुसती बसलेली असताना डीएनए शांत पडून असतो असं वाटतं ना? टोमास लिंडाल या शास्त्रज्ञांच्या आधी बहुतेकांना तसंच वाटायचं. त्यांनी 1970 च्या दशकात मोजून बघितलं तर डीएनए पाण्यात आपोआप झिजतो, बाहेरून कोणी काही न करता. शरीराच्या तापमानाला आपल्या एका पेशीत दिवसाला साधारण 10 हजार ए आणि जी सुटून पडतात. एका पेशीत, एका दिवसात! शिवाय रोज शंभर-दोनशे सी अक्षरं आपला एक छोटा रासायनिक गट गमावून यू होतात, आणि यू हे अक्षर डीएनएत असायलाच नको, ते आरएनएचं, म्हणजे डीएनएच्या जवळच्या भावंडाचं.

आणि इथेच एका प्रश्नाचं उत्तर मिळतं जो मला शिकताना कायम पडायचा आणि कोणी नीट सांगायचं नाही, की आरएनए यू वापरतो तर डीएनएने त्याजागी टी का घेतला, ए शी जोडी तर दोघंही तशीच लावतात. टी म्हणजे यूच, फक्त त्यावर एक छोटा मिथाइल गट चिकटवलेला, जणू ओळखीचा शिक्का. समजा डीएनएतही यूच वापरला असता, तर सी बिघडून झालेला यू आणि मुळातला यू यातला फरक पेशीला कसा कळला असता? कळलाच नसता. आता नियम सोपा आहे, शिक्का नसलेला यू दिसला की तो बिघडलेला सी, काढा. ते काढणारं एन्झाइम लिंडाल यांनीच 1974 मध्ये शोधलं. पण या व्यवस्थेला एक भोक आहे. आपल्या डीएनएत काही सी वर पेशी स्वतःच मिथाइल लावते, जीन्स बंद ठेवायला वगैरे. तो सी बिघडला तर यू होत नाही, थेट टी होतो, शिक्क्यासकट! तो ओळखणं अवघड, म्हणून अशा जागी म्युटेशन, म्हणजे अक्षरांतले कायमचे बदल, जास्त होतात, आणि सी नंतर जी ही जोडी आपल्या डीएनएत अपेक्षेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच उरलीय. बाकीच्या युगानुयुगं झिजून गेल्या.

आता ती मागून येणारी टीम. कॉपी झाल्यावर उरलेली चूक म्हणजे समोरासमोर न जुळणारी दोन अक्षरं, पण त्यातलं चूक कुठलं? जुन्या धाग्यातलं बरोबर, नव्यातलं चूक, पण जुना कुठला हे कसं ओळखायचं? पॉल मॉड्रिच यांनी ई. कोलायमध्ये हे उलगडलं. जुन्या धाग्यावर ठराविक ठिकाणी मिथाइलच्या खुणा असतात, नव्यावर त्या लागायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात दुरुस्ती उरकायची. आपल्या पेशी खूण वेगळी वापरतात, नव्या धाग्यातल्या न जोडलेल्या फटी, पण काम तेच. लिंडाल, मॉड्रिच आणि अझीझ सँजार या तिघांना 2015 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

ही टीम बंद पडली तर? काही कुटुंबांत आतड्याचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या, तोही लवकर वयात दिसायचा, बायकांमध्ये गर्भाशयाचाही. 1993 मध्ये कळलं की यातल्या बऱ्याच कुटुंबांत याच दुरुस्तीचा एक जीन बिघडलेला असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, मुलाकडे जायची शक्यता निम्मी. आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, पेम्ब्रोलिझुमॅब या कॅन्सरवरच्या औषधाला मान्यता दिली, ती कॅन्सर कुठल्या अवयवातला यावर नाही तर त्यात ही दुरुस्ती बंद पडलीय का यावर, असं पहिल्यांदाच झालं. चुका इतक्या साठतात की पेशी विचित्र प्रोटीन बनवायला लागते, आणि औषधाने इम्यून सिस्टीमवरचा ब्रेक सोडला की ती सिस्टीम ही पेशी परकी म्हणून ओळखू शकते. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण ज्यांना येतो त्यांच्यात तो बराच काळ टिकू शकतो.

तर कोणाच्या घरात पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना लिंचबद्दल नक्की विचारा. गाठीच्या तुकड्यावर दुरुस्तीची चार प्रोटीन आहेत का हे रंग लावून बघता येतं, आणि जीन सापडलाच तर बाकीच्या नातेवाईकांना ठराविक काळाने कोलोनोस्कोपी (आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी) करून गाठ कॅन्सर व्हायच्या आधीच काढता येते.