सात तारीख

[दृश्य: उद्यमबाग, बेळगाव. सकाळची पाळी. लेथवर फिरणारा जॉब (कापायचा भाग), कूलंटची पांढरी धार.]

खानापूर रोडवरून उद्यमबागेत वळलं की फाउंड्रीचा वास आधी येतो, पाट्या नंतर दिसतात. पॅटर्न, मशीनिंग, ग्राइंडिंग, होनिंग. एकच सुटा भाग चार शेडांतून फिरतो तेव्हा कुठे तो हायड्रॉलिक सिलिंडरला बसतो. बाहेरच्याला बेळगावचा कुंदा माहीत असतो. गावातली कितीतरी घरं मात्र या लोखंडावर चालतात.

या शेडचे मालक हिंडलग्याकडचे. पुण्यात एका मोठ्या कंपनीत परचेस मॅनेजर होते. व्हेंडरला, म्हणजे माल पुरवणाऱ्याला, समोर बसवून नगामागे पन्नास पैसे कमी करून घेणं, हे त्यांचं काम. आता ते स्वतः व्हेंडर आहेत. दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, बँकेचं कर्ज, चार माणसं.

[दृश्य: सेटर बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) लावताना, जवळून.]

सिलिंडरचा ग्लँड, म्हणजे दांडा जिथून बाहेर येतो ते तोंडाचं झाकण. आतल्या व्यासात वीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीच, सूट. सकाळी मशीन गार असतं, तासाभरात तापतं आणि माप सरकतं. म्हणून सेटर मामा सुरुवातीचा प्रत्येक नग वेस्टने (सुती धाग्यांच्या बोळ्याने) पुसून गेजवर धरतात, आकडा बघतात, ऑफसेट देतात, म्हणजे मशीनमध्ये तेवढं माप दुरुस्त करतात. मामा बैलहोंगलचे. मालकांशी मराठी, ऑपरेटरशी कन्नड, मशीनशी दोन्ही.

"मालक, इन्सर्ट उद्याला पुरायचे नाहीत."

इन्सर्ट म्हणजे लोखंड कापणारा छोटा, बदलायचा तुकडा. एकाला चार धारा. एक धार किती नग काढते, यावर ते पन्नास पैसे ठरतात. पुण्याच्या एसी खोलीत हे कधी दिसलंच नव्हतं, असं मालक हसत सांगतात.

पण खरा धडा मशीनवर मिळत नाही, तो कॅलेंडरवर मिळतो. नोकरीत पगार खात्यावर पडायचा. इथे सात तारखेला तो द्यायचा असतो. माल गेला, बिल झालं, पैसे मात्र साठ-नव्वद दिवसांनी. जीएसटीला हा हिशेब चालत नाही. लाखाच्या बिलावर 18 हजार कर, तो पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत की नाहीत, हा तुमचा प्रश्न. ऑर्डर बुक भरलेलं आणि खातं रिकामं, असा धंदा इथे सर्रास दिसतो.

कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. एप्रिल 2024 पासून मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की फोन उचलले जातात, एवढा फरक पडलाय. तक्रार करायची सोयही आहे. पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार?

[दृश्य: वेंगुर्ला रस्ता. सुळगा, उचगाव फाटा, बाची. टेम्पो.]

सीमेची गंमत वेगळीच. अर्ध्या तासावर शिनोळी. चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. तिथे बहिणीकडे जेवायला जाताना कोणी काही विचारत नाही. तिथल्या कारखान्याने जॉबवर्कला, म्हणजे आपल्या मालावर काम करून घ्यायला, माल धाडला की तो परराज्यातला व्यवहार. राज्यातल्या राज्यात छोट्या रकमेच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागत नाही. जॉबवर्कचा माल राज्याची हद्द ओलांडत असेल, तर रक्कम कितीही असो, ई-वे बिल हवंच. वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, आधी शाळेत शिकवायच्या. आता हे सगळं त्या बघतात, आणि मालकांपेक्षा बरं बघतात.

नोकरी सोडून बेळगावात लोखंडाला हात घालणारे हे काही पहिले नव्हेत. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईची व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेतली नोकरी सोडून इथेच आले. सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत पोचले. 1910 मध्ये जागा सोडावी लागली आणि कारखाना कुंडलच्या माळावर गेला. बेळगावला रस्त्याचं नाव राहिलं.

[दृश्य: ऑफिस. टेबलावर ड्रॉइंग.]

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आली, नव्वद दिवसांच्या उधारीवर. मालकांनी नको म्हटलं. तीस दिवसांत पैसे देणारी तीन छोटी गिऱ्हाइकं धरली. नफा कमी, पण सात तारीख निभते.

पुण्याहून पोरं फोन करतात, "दादा, राजीनामा देऊ काय?" मालक विचारतात, "गिऱ्हाईक कोण? नाव सांग." बहुतेक जण मशीनचं नाव सांगतात. एकाने मात्र खरंच गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. दोन गल्ल्या पलीकडे आता त्याचा लेथ आहे, आणि इथलं जास्तीचं काम त्याच्याकडे जातं. त्याचं बिल तिसाव्या दिवशी चुकतं केलं जातं.