दिवाळखोरांच्या फायली वाचणाऱ्या बाई

बसा बसा, पुढे खुर्च्या आहेत अजून. आजचा विषय एलिझाबेथ वॉरन यांची प्राध्यापकी. अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्या गेल्या २०१३ ला, पण त्याआधी तीसेक वर्षं दिवाळखोरी आणि व्यापारी कायदा शिकवत होत्या, आणि मला बोलायचंय ते त्या मास्तरीणबाईंबद्दल.

तिकडे १९७८ ला दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. लगेच ओरड सुरू, की लोक उधळपट्टी करतात आणि कोर्टात जाऊन हात वर करतात. वॉरनबाईंनाही आधी तसंच वाटायचं, हे त्यांनीच सांगितलंय. पण त्या नुसतं वाटण्यावर थांबल्या नाहीत. १९८१ पासून समाजशास्त्रज्ञ टेरेसा सलिव्हन आणि कायद्याचे प्राध्यापक जे वेस्टब्रुक यांच्यासोबत टेक्सास, इलिनॉय, पेनसिल्व्हेनियातल्या कोर्टांत जाऊन बसल्या आणि सुमारे १५०० प्रकरणं उपसली. झेरॉक्स मशीन सोबत घेऊन विमानाने जायचे हो! कायद्याचे प्राध्यापक!

आता माझं सांगतो, कारण हे मला फार लागलेलं आहे. आपल्याकडे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, नादारी म्हणजे दिवाळखोरीच, अजून आहे, अर्ज जिल्हा कोर्टात होतो. म्हटलं आपणही बघू. एका कोर्टात गेलो तर पहिला प्रश्न, पक्षकार आहात का? नाही. वकीलपत्र आहे? नाही. मग कशाला पाहिजे फाइल? अभ्यासाला म्हटलं तर समोरचा माणूस दुसऱ्याकडे बघायला लागला. नकलेचा अर्ज भरा, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या, असे चार सोमवार गेले आणि शेवटी एकच फाइल बघायला मिळाली. मालमत्तेची यादी हाताने लिहिलेली, शिलाई मशीन १, पितळी पातेली ४, आणि मागे टाचणीने लावलेली दवाखान्याची बिलं, टाचणीचा गंज कागदात उतरलेला. या माणसाला आपण दिवाळखोर म्हणतो, शिवी दिल्यासारखं.

वॉरनबाईंना फायलींत हेच सापडत गेलं. उडाणटप्पू नाहीत, मध्यमवर्गीय माणसं, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा घटस्फोट, कुणाचं आजारपण. १९८९ ला तिघांचं पुस्तक आलं आणि लोकांना या विषयाकडे आकडे घेऊन बघावं लागलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मग करिअर भराभर सांगतो. ओक्लाहोमात जन्म, वडिलांना हार्ट अटॅक आल्यावर घराची ओढाताण लहानपणीच बघितलेली. १९७६ ला रटगर्समधून कायद्याची पदवी, मग ह्यूस्टन, टेक्सास, पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांत शिकवणं, आणि १९९५ ला हार्वर्ड. रटगर्स म्हणजे सरकारी विद्यापीठ, ही पदवी घेऊन हार्वर्डला शिकवायला पोचणं सोपं नव्हतं. नंतर दिवाळखोरी कायद्याच्या राष्ट्रीय आयोगाच्या सल्लागार. दिवाळखोरी कायदा कर्जदारांवर कडक होऊ नये म्हणून त्या लढल्या, पण २००५ ला ती दुरुस्ती झालीच, ती लढाई त्या हरल्या.

आपली नादारी संहिता २०१६ ची, पण साध्या माणसाच्या नादारीचा भाग अजून लागूच नाही, फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता २०१९ पासून लागू झाला. यावर बोलायचं होतं, राहिलं. ज्या विद्यार्थ्यांना फायली बघायच्यात त्यांनी बाहेर थांबा, नकलेचा अर्ज कसा भरायचा ते दाखवतो, माझ्याकडे कोरे फॉर्म आहेत.