टेस्लाची वट, सोलापूरची मोटर

(दृश्य : होटगी रस्त्यावरचं मंगल कार्यालय. फाटकातून आत येणारी पांढरी गाडी.)

बँजोवाले अजून चहा पितायत. वरातीला तासभर अवकाश आहे. आणि आवारातली झाडून सगळी पोरं या एका गाडीभोवती गोळा झाली आहेत. नवरीच्या मामांकडचे पाहुणे ती मुंबईहून घेऊन आलेत. पाटी हिरवी. पुढं जाळी नाही, मागं नळकांडं नाही. दाराची मूठ दारातच सपाट बसवलेली. या निळ्या शर्टातल्या पोरानं तीनदा हात लावून बघितला. चौथ्यांदा अंगठा नेमका जागेवर दाबला गेला, मूठ बाहेर आली.

"टेस्ला हाय बे!"

मांडवातली मोठी माणसंही उठून आली. त्यांचे प्रश्न मात्र वेगळे. केवढ्याला पडली? चार्जिंग कुठं केली? बिघडली तर न्यायची कुठं? तिसऱ्या प्रश्नाला पाहुण्यांनी "मुंबईला" म्हटलं, आणि बघा, टोपीवाल्या काकांनी मान कशी हलवली. चारशे किलोमीटर. सोलापुरात गाडीची वट ठरवताना हा प्रश्न आधी येतो, बोधचिन्ह नंतर.

(दृश्य : गाडीच्या नाकावरचा 'टी', अगदी जवळून.)

या एका अक्षरासाठी आपल्याकडच्या लोकांनी किती वाट पाहिली! २०१६ मध्ये मॉडेल थ्रीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा भारतातूनही लोकांनी हजार-हजार डॉलर भरून ठेवले होते. गाडी आली नाही. आयात शुल्कावरून चर्चा होत राहिल्या, वर्षं गेली. १५ जुलै २०२५ ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात पहिलं दालन उघडलं आणि मॉडेल वायची किंमत जाहीर झाली : ५९ लाख ८९ हजारांपासून पुढं.

तोवर तिकडं वारं फिरलं होतं. अमेरिकेत कंपनीचा प्रमुख इलॉन मस्क सरकारात जाऊन बसला, दालनांपुढं निदर्शनं झाली. 'याचं डोकं फिरलंय हे कळायच्या आधी घेतलेली गाडी आहे ही', अशा अर्थाचे स्टिकर लोकांनी आपल्याच गाडीला चिकटवले. २०२३ मध्ये कंपनीनं अठरा लाखांवर गाड्या दिल्या होत्या. २०२५ मध्ये आकडा साडेसोळा लाखांच्या खाली आला आणि चीनची बीवायडी विजेच्या गाड्यांत बावीस लाखांच्या पुढं गेली. एकेकाळी ज्या नावासाठी माणसं रांगेत उभी राहिली, त्याच नावाबद्दल आता खुलासे द्यावे लागतात.

पण आम्हाला या नावाची दुसरी बाजू दाखवायची आहे. ती सोलापुरातच सापडते.

(दृश्य : अक्कलकोट रस्ता, औद्योगिक वसाहत. पत्र्याचं शेड. जळालेल्या मोटरींचा ढीग.)

हे मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेजारच्या शेडांमधून मागांची खडखड चोवीस तास येते, ती तुम्हाला मागं ऐकू येत असेल. इथले मिस्त्री, ज्यांना सगळे अण्णाच म्हणतात, घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गरज पडली तर कन्नड. वय पासष्टच्या पुढं. ही मोटर काल रात्री जळाली. "एक फेज गेली," अण्णा वास घेऊनच सांगतात. तीनपैकी एक फेज गेली आणि माग बंद केला नाही, तर उरलेल्या दोन वाइंडिंगवर सगळा भार येतो. मग हा असा काळा कोळसा.

आता त्यांचे हात बघा. जळकं तांबं आधी छिन्नीनं तोडून ओढून काढायचं. पण टाकून द्यायचं नाही. त्यातलं एक वेटोळं सोडवून वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, मगच नवी तार घ्यायची. वेढे वहीत लिहिलेत, बॉलपेननं, मोटरीच्या नंबरासकट. मग लोखंडाच्या कड्यातल्या खाचा पुसून घ्यायच्या. प्रत्येक खाचेत इन्सुलेशनचा कागद दुमडून बसवायचा. फिरक्यावर नवी वेटोळी तयार करायची आणि एकेक तार बोटानं खाचेत उतरवायची. हातोडी नाही, पेचकस नाही. तारेवरचं इनॅमल कुठं खरवडलं की मोटर पुन्हा दारात. वरून बांबूची कामटी सरकवायची, म्हणजे तार उचलून येत नाही. दोऱ्यानं बांधायचं. मग वार्निश, मग भट्टी. अण्णांच्या अंगठ्याच्या नखाला एक खाच पडली आहे, तार दाबून दाबून. कॅमेरा तिथं मुद्दाम थांबवलाय.

ही जी मोटर आहे, तिला इंडक्शन मोटर म्हणतात आणि तिचं मूळ मुख्यतः एका माणसाकडं जातं. निकोला टेस्ला. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत मित्राबरोबर फिरताना त्याला ही कल्पना सुचली आणि त्यानं काठीनं तिथल्या तिथं मातीत आकृती काढली, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. तारांची वेटोळी गोल मांडायची, त्यांत वीज एकापाठोपाठ एक सोडायची, म्हणजे चुंबकाचं बळ गोल फिरतं. मधला दांडा, म्हणजे रोटर, त्या बळामागं धावतो. त्याला ना ब्रश, ना कुठली तार. मे १८८८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ ची, ती वाफेच्या जमान्यातली. पुढं जेव्हा विजेवरचे माग आले, तेव्हा त्या प्रत्येक मागाखाली याच माणसाची कल्पना फिरू लागली. आजही फिरते आहे.

आणि गाडीला हे नाव मिळालं तेही यामुळंच. २००३ मध्ये कंपनी काढली ती मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग या दोघांनी. इलॉन मस्क पुढच्या वर्षी पैसे घेऊन आले. २००८ च्या रोडस्टरमध्ये आणि २०१२ च्या मॉडेल एसमध्ये चाकं फिरवणारी मोटर होती इंडक्शनची. अण्णांच्या बाकावर आहे, त्याच कुळातली. त्याआधी विजेची गाडी म्हटलं की लोकांना छोटी, हळू चालणारी डबी आठवायची. रोडस्टरनं चार सेकंदांच्या आसपास शंभराचा वेग गाठून दाखवला. या नावाला मान मिळाला तो त्या मोटरीच्या जोरावर.

अण्णांना आम्ही मोबाइलवर मॉडेल एसच्या मोटरीचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बोटांनी चित्र मोठं केलं.

"रोटरला तांबं घातलंय. ॲल्युमिनियम नाही." थोडं थांबून : "भारी काम आहे."

एवढंच बोलले. कंपनीचं नाव त्यांनी विचारलं नाही.

(दृश्य : नवी पेठ. दुकानाबाहेर लटकणाऱ्या चादरी.)

नावाची किंमत काय असते, हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेरगावच्या बाजारात भलत्याच गावच्या मालावर 'सोलापूर' छापलेलं दिसतं आणि घेणारा खुशाल घेतो. इथला विणकर ती चादर हातात घेऊन काय करतो? शिक्का बघत नाही. उलटी करतो, मागची बाजू बघतो, कड ओढून बघतो. गाडीकडंही असं उलटं करून बघायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

(दृश्य : पुणे-सोलापूर महामार्ग, पहाटे. बाजूला उजनीचं पाणी.)

हे टॉवेलचे कारखानदार. आठवड्यातून एकदा पुण्याला जातात, अडीचशे किलोमीटर. एमएच १३, हिरवी पाटी, गाडी रांजणगावला तयार झालेली. टाटांची नेक्सॉन ही विजेची एसयूव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा किंमत चौदा लाखांच्या आत सुरू होत होती. इंदापूरजवळ थांबा. गाडी चार्जिंगला लावली, मालक घरून बांधून आणलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढून बसले. ड्रायव्हरलाही बोलावलं. शेजारी एक डिझेल एसयूव्ही येऊन थांबली, तिचा मालक उतरून यांच्याकडं आला. आधी गाडीभोवती एक फेरी. मग : "साहेब, किलोमीटरला किती पडतं?"

त्यानंतरची पंधरा मिनिटं आम्ही कापलेली नाहीत. दोघं उन्हात उभे राहून हिशेब करतायत. उन्हाळ्यात एसीमुळं किती कमी पळते, सोसायटीत मीटर घ्यायला किती हेलपाटे पडले, घाटात उतरताना बॅटरी कशी भरते. गाडीवाला सांगतोय आणि समोरचा मन लावून ऐकतोय. सोलापुरात मान देतात तो असा. पूर्वी याच आवारात लोक एकमेकांचा पसंतीचा नंबर बघायचे.

इंजिनाच्या कामावर पोट असलेले आपले गॅरेजवाले मिस्त्री यात कुठं जाणार, हा प्रश्न मोठा आहे. आणि ही वीज येते तीही बरीचशी कोळशातूनच. आपल्या फताटेवाडीच्या प्रकल्पात तो रोज जळतो.

(दृश्य : पुन्हा शेड. संध्याकाळ.)

मोटर भट्टीतून बाहेर आली. अण्णांनी तीन तारा जोडल्या, खटका दाबला. दांडा फिरला, पण उलटा. अण्णांनी खटका बंद केला, तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा दाबला. आता सुलटा. आवाज नाही, फक्त बारीक घूं. त्यांनी तळहात मोटरीच्या पाठीवर ठेवलाय, तापते का ते बघायला.

कारखान्याचा पोरगा सायकल घेऊन दारात उभा आहे. मोटर कॅरियरवर बांधली. दोन गल्ल्या पलीकडं एक माग काल रात्रीपासून थांबलाय, त्यावर अर्धा टॉवेल तसाच आहे.