३१ मार्चचा रंग

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, ‘सरकारी तिजोरीची ओढाताण आणि देशाची सुरक्षा’. शाहू स्मारक एवढं भरलेलं बघून बरं वाटलं. शेवटच्या रांगेला चहाचा वास आलाय, तेही दिसतंय मला.

मी पल्टणीत बाबू होतो, म्हणजे क्लार्क. सुट्टीवर आलो की गल्लीतली पोरं विचारायची, काका, किती मारले? मी म्हणायचो, शिक्के.

तर एका थंड मुलखातली गोष्ट. फेब्रुवारी सरता सरता वरून पत्र आलं : अमक्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या खात्यात, पैसे शिल्लक आहेत, ३१ मार्चच्या आत खर्चा, नाहीतर सरेंडर करा, म्हणजे परत पाठवा. आम्ही वर्षभर बुटांसाठी लिहीत होतो. पण बुटांचा हेड वेगळा! ह्या हेडातनं रंग घेता येत होता. घेतला. झाडांना गेरू-चुना, दगडांना गेरू-चुना, लंगरामागचं, म्हणजे पल्टणीच्या भटारखान्यामागचं, पाण्याचं पिंपसुद्धा हिरवंगार. एक जवान उन्हाला पडला होता. सुभेदारसाहेब ओरडले, उठ की लेका, नाहीतर तुलाबी रंगवतील! तपासणीला आलेले साहेब खूश झाले. बूट आले जूनमध्ये.

हसा, पण माझं म्हणणं ह्यातच आहे. तोफ काय मार्च बघून तयार होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने सांगितलं होतं, संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी लॅप्स न होणारा, म्हणजे ३१ मार्चला न बुडणारा, निधी करा, २०२१ ते २६ साठी २,३८,३५४ कोटींचा. सरकारने तत्त्वतः मान्य केलं. ‘तत्त्वतः’ ह्या शब्दाखाली काय काय झोपतं ते बाबूला विचारा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, आकडे पळवतो.

२०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी. त्यात पेन्शन सुमारे १.६१ लाख कोटी, त्यातले थोडे माझे, म्हणून हळू बोलतो. नव्या सामग्रीसह भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. आणि सरकारच्या जुन्या कर्जाचं नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी! म्हणजे सीमेपेक्षा सावकार महाग.

भांडवली पैसाही मोकळा नसतो. ऊसबिल जमा झालं की सोसायटी आधी कापून घेते, तसं जुन्या करारांचे हप्ते आधी. २०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदीय समितीला सांगितलं : हप्ते २९,०३३ कोटींचे, आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी. सामग्रीतली ६८ टक्के जुनाट. तूट आवरायची तर पगार, पेन्शन थांबवता येत नाही; मग थांबते ती तोफ.

सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली २०२२ मध्ये, चार वर्षं नोकरी, मग चौघांतला फार तर एक पुढे, बाकीचे बिनपेन्शनीचे घरी. पेन्शन वाचेल, पण बरीच वर्षं जाऊन. घराघरातनं पोरं फौजेत धाडणाऱ्या आपल्या सैनिक टाकळी गावच्या आयांना हा हिशेब कसा सांगायचा, त्यावर मोठं बोलणार होतो.

दुसरी चिठ्ठी. पाणबुड्यांचे चार कागद तसेच राहिले. चहाला बरोबर आणतो. पळायचं असेल त्यांनी आत्ताच पळा.