पंचवीस रुपयांचा दंड

(दृश्य: फोर्ट. उच्च न्यायालयाची इमारत, वकिलांची लगबग.)

काळ्या कोटांच्या या गर्दीत एकेकाळी एका मराठी कथेचीही तारीख लागायची. कथेचं नाव 'श्यामा', लेखक चंद्रकांत काकोडकर. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात ती छापून आली आणि पुण्याच्या कोर्टात तक्रार गेली. तिथल्या दंडाधिकाऱ्यांना कथेत अश्लील काही सापडलं नाही. उच्च न्यायालयाला सापडलं. 25 रुपये दंड, न भरल्यास आठवडाभर कैद, शिवाय अंकाच्या प्रती नष्ट करायच्या.

(दृश्य: रद्दीच्या दुकानातली दिवाळी अंकांची चळत.)

हे अंक दुसऱ्याच कुठल्या वर्षांचे आहेत. शिवण सुटलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. मुखपृष्ठावरची बाई मात्र अजून झोकात बसली आहे.

काकोडकर दिल्लीला गेले. सर्वोच्च न्यायालयाने अख्खी कथा विचारात घेतली. निकालपत्रात चक्क कथासार आहे: कवी निशिकांत, आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता, श्यामा. न्यायमूर्तींनी लेखकाला गोंजारलं अजिबात नाही. लेखन फार उच्च दर्जाचं नसेल, लेखक अपरिपक्व असेल, त्याचा अनुभव तोकडा असेल. पण म्हणून कथा अश्लील ठरत नाही. 1969 साली काकोडकर सुटले. आपल्याकडे किती परीक्षणं इतकी मन लावून लिहिली जातात?

लेखकाला जाब जरूर विचारावा. पण आधी वाचावं, मग त्याला बोलू द्यावं.

(दृश्य: संमेलनांच्या जुन्या निमंत्रणपत्रिका, एकीवर हळदीचं बोट.)

साहित्याच्या मांडवात एवढी सवड नसते. 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वारकरी संतापले. आनंद यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. 2009 चं महाबळेश्वरचं संमेलन अध्यक्षाविनाच उरकलं. दहा वर्षांनी यवतमाळच्या संमेलनात इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं सन्मानाने निमंत्रण दिलं आणि ऐनवेळी येऊ नका म्हणून कळवलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला.

(दृश्य: दादर. शिवाजी मंदिरासमोरची वर्दळ.)

महिना संपायच्या आत मुंबईतल्या लेखक-कलावंतांनी सहगल यांना इथे दादरला बोलावलं. त्या आल्या, आणि बोलल्या.